जोखमीचा नकाशा : गोठा आणि अरण्य

भिलाई म्हटले की पोलाद कारखाना आठवतो. मात्र शेजारच्या दुर्गनजीक अंजोरा येथे २०१२ साली स्थापन झालेले कामधेनू विद्यापीठ पशुवैद्यकाचे शिक्षण देते, हे फारसे परिचित नाही. वनसंपन्न छत्तीसगडमध्ये या शास्त्राचे मोल विशेष आहे. कारण अनेक गावांत गुरे व वन्यप्राणी एकाच पाणवठ्यावर येतात.

लाळ्या-खुरकूत हा रोग दुभंगलेल्या खुरांच्या प्राण्यांना होतो. मग ती गाय असो, चितळ असो वा रानम्हैस. चराई व पाणी सामाईक असले की रोग गोठ्यातून रानात, रानातून गोठ्यात पसरू शकतो. १९६८ साली बुळकांडीने बंदीपूर-मुदुमलाई परिसरातील गव्यांचा मोठा संहार केला. पुढे गुरांच्या नेटाने केलेल्या लसीकरणामुळे २०११ साली जग बुळकांडीमुक्त घोषित झाले.

छत्तीसगडचा राज्यपशू असलेली रानम्हैस आज अत्यंत दुर्मिळ आहे. २०२० साली आसामच्या मानस येथून एक जोडी बारनवापारा अभयारण्यात आणण्यात आली. महाराष्ट्रात गडचिरोलीतील कोलामार्का २०१३ साली याच प्राण्यासाठी संवर्धन राखीव क्षेत्र झाले. अशा लहान कळपास एखादी साथही पुरेशी घातक ठरते. आणि रानातील प्रत्येक जनावरास लस टोचणे शक्य नसते.

म्हणूनच जोखमीचा नकाशा उपयोगी पडतो. गुरांची संख्या, पाणवठे, चराईच्या वाटा, आठवडी बाजार, पूर्वीच्या साथी व लसीकरणाची नोंद एकमेकींवर ठेवली की धोक्याची गावे स्पष्ट होतात. लस प्रथम कोठे पोहोचवावी, हे त्यावरून ठरते. बेंगळुरूची 'निवेदी' ही राष्ट्रीय संस्था पशुरोगांचा जिल्हावार पूर्वअंदाज दोन महिने आधी देते.

पशुपालक ग्राहकासाठीही हा विषय जिव्हाळ्याचा आहे. जनावर आजारी पडले की दूध आटते आणि कर्जाचा हप्ता थकतो. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून लाळ्या-खुरकूत व सांसर्गिक गर्भपात या रोगांवरील लसीकरण हाती घेण्यात आले. जनावराच्या कानातील बारा अंकी बिल्ल्यामुळे त्याची नोंद राहते. विम्याच्या दाव्याच्या वेळीही बिल्लाच जनावराची ओळख पटवितो. तेव्हा कर्जप्रकरण करताना अधिकाऱ्याने बिल्ला व लसीकरणाची नोंद अवश्य पाहावी, आणि ग्राहकाने ती जपावी. त्यात गोठ्याचे हित आहे, तसेच अरण्याचेही.