वर्धाकाठचा गोंडवाना : घुग्घुस ते बल्लारपूर

वर्धा नदीकाठच्या घुग्घुसची ओळख कोळशाची. 1870च्या सुमारास इथला कोळसा नोंदला गेला. 1973च्या राष्ट्रीयीकरणानंतर खाणी सरकारी झाल्या. परिसराचा इतिहास मात्र कोळशाच्या खाणींहून कितीतरी जुना आहे.

नदीच्या प्रवाहाबरोबर खाली गेल्यास बल्लारपूरचा किल्ला लागतो. ही गोंड राजांची आधीची राजधानी. खांडक्या बल्लाळशहाने पुढे इरई आणि झरपट यांच्या संगमावर चंद्रपूर वसवले. शहराभोवतीचा परकोट सुमारे 11 किलोमीटरचा असून जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे त्याचे चार दरवाजे आहेत. त्यांवर हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला दिसतो. हेच गोंड राजवटीचे राजचिन्ह. दरवाजाखाली क्षणभर थांबून ते निरखावे, इतके ते जिवंत आहे.

अंचलेश्वर मंदिराजवळ राणी हिराईने पती बीरशहासाठी उभारलेली भव्य समाधी आहे. राणीने पतीसाठी बांधलेले असे स्मारक विरळाच. त्याला मिळायला हवी तेवढी प्रसिद्धी अजून मिळालेली नाही. 1818मध्ये इंग्रजांनी चंद्रपूरचा किल्ला जिंकला. बल्लारपूरहून वर्धा नदी पुढे चपराळ्याजवळ वैनगंगेला मिळते आणि तिथून प्राणहिता सुरू होते.