गाठीचे नाव तपासणीनंतरच ठेवा

सोयाबीनचे पान पिवळे पडले की आपण लगेच पंप पाठीला लावतो. पण पान लोहाच्या कमतरतेने पिवळे पडले की पिवळ्या मोझॅकच्या विषाणूने, हे बांधावरून कळत नाही. उपाय मात्र दोहोंचे निराळे. एकाला फेरस सल्फेट फवारावे लागते, तर दुसऱ्यात रोगट झाड उपटून पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करावा लागतो. आधी निदान, मग औषध, असे मी कृषी खात्यात वर्षानुवर्षे सांगत आलो. माणसाच्या अंगावरच्या गाठीलाही हाच नियम लागू आहे, हे मला बदनापूर तालुक्यातील एका मोसंबीवाल्या शेतकऱ्याच्या घरी उमगले.

त्यांच्या १९ वर्षांच्या मुलाला मानेवर सुपारीएवढी गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून महिनाभर लेप झाले. मग कुणी गंडमाळ म्हटले आणि एका दवाखान्यात तुकडा न तपासताच क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. गाठ लिंबाएवढी झाली. रोज संध्याकाळी ताप, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम, वजनही उतरले. मध्येच कुणीतरी सूज उतरण्याच्या स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या. आठ दिवसांत गाठ बसली, घर आनंदले. गोळ्या संपल्या आणि गाठ दुप्पट होऊन परतली.

"साहेब, औषध लागू पडतंय बी आन् पडत बी नाही. काय समजावं?" वडील मला म्हणाले.

मी डॉक्टर नाही. एवढेच म्हणालो, "दादा, मातीचा नमुना न देता आपण खताचा डोस ठरवतो का? गाठीचा नमुना द्या."

छत्रपती संभाजीनगरला गाठ काढून तपासली, पुढे मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात पक्के निदान झाले. आजाराचे नाव होते अ‍ॅनाप्लास्टिक लार्ज सेल लिम्फोमा.

हा आजार काय आहे?

रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आपल्या रक्तात असतात. त्यांतील 'टी' जातीच्या पेशी बिघडून बेसुमार वाढल्या की हा लसिका ग्रंथींचा कर्करोग होतो. दुर्बिणीखाली या पेशी फार मोठ्या दिसतात आणि काहींचे केंद्रक घोड्याच्या नालेसारखे वाकलेले असते. पूर्वी यातले कित्येक रोगी दुसऱ्याच कर्करोगाचे समजले जात. १९८५ साली जर्मनीतील डॉ. हॅराल्ड स्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशींवरील एका खुणेवरून हा आजार वेगळा ओळखला. त्या खुणेला आज सीडी ३० म्हणतात.

१९९४ साली कारणाचाही उलगडा झाला. पुष्कळ रोग्यांत २ आणि ५ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांना जोडले जातात. त्यामुळे पांढऱ्या पेशीत एरवी बंद असणारे 'एएलके' नावाचे जनुक कायमचे चालू राहते. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर चिकटून बसावा, तसे. हा बिघाड जन्मानंतर त्या पेशींतच होतो. तो आईबापांकडून येत नाही, शिवण्याने वा एका ताटात जेवल्याने पसरत नाही. तेव्हा अशा घराशी सोयरीक टाळण्याचे काहीच कारण नाही.

पुढे काय होणार?

घरच्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि त्याचे उत्तर तपासणीतच असते. 'एएलके' असलेला प्रकार बहुधा मुलांत व तरुणांत आढळतो. त्यात पाच वर्षांनंतर १०० पैकी सुमारे ७० रोगी हयात असतात. 'एएलके' नसलेला प्रकार वय झालेल्यांत जास्त. त्यात हे प्रमाण निम्म्याच्या आसपास येते. आजार फक्त कातडीपुरता असेल तर ९० हून अधिक. रोग्याचे वय, आजार किती पसरला आणि शरीर किती खचले, यांवरही हे अवलंबून असते.

सर्वसाधारणपणे चार औषधांचा डोस दर २१ दिवसांनी, असे सहा डोस देतात. सीडी ३० ची खूण शोधून पेशीत विष सोडणारे ब्रेंटुक्सिमॅब हे औषध २०११ पासून वापरात आले. ते गुणकारी, पण महाग आहे.

आमच्या मोसंबीवाल्यांच्या घरी खरी कसोटी दुसऱ्या डोसानंतर आली. गाठ विरघळली, केस गळले, इकडे बाग तोडणीला आली. "आता पोरगं बरं झालं, पुरे," असे आजी म्हणू लागली. तण वरून जळाले तरी मूळ जिवंत असते, हे तिला समजावताना सगळ्यांची दमछाक झाली. पण सहाही डोस पुरे झाले. आज तीन वर्षे झाली, मुलगा बागेला पाणी देतो आणि तपासणीला न चुकता जातो.

हे लक्षात ठेवा

पायाला जखम होऊन जांघेत अवधाण येते, ते दुखते आणि जखमेबरोबर बसते. पण मानेत, काखेत वा जांघेत गाठ येऊन ती तीन-चार आठवड्यांत बसली नाही, वाढत गेली, तर ती डॉक्टरांना दाखवा, मग ती दुखो वा न दुखो. गाठ क्षयाचीही असू शकते आणि तो आजार औषधांनी बरा होतो. पण तेही तपासूनच ठरवावे. सुईच्या तपासणीतून उलगडा झाला नाही तर गाठ काढून तपासण्याबद्दल विचारा. त्याआधी स्टिरॉइडच्या गोळ्या घेऊ नका. त्यांनी गाठ तात्पुरती बसते आणि निदान चुकते. तपासणीचा मेणाचा ठोकळा व काचपट्ट्या जपून ठेवा, मोठ्या रुग्णालयात त्या मागतात.

छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. रेशनकार्ड व आधार घेऊन योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला भेटा. मुंबईत दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कर्करोगाच्या रोग्यांची सोय करते. रुग्णालयाचा दाखला असल्यास रेल्वेभाड्यातही सवलत आहे.

दुखणे अंगावर काढणे ही आपली जुनी खोड. मोसंबीचे झाड वाळू लागले तर आपण मुळाशी उकरून पाहतो. घरच्या माणसासाठी तेवढी तसदी घ्यायला नको का?