चौलच्या धक्क्यावर उतरलेला परका

इतिहासाच्या पुस्तकातला व्यापाराचा धडा बहुधा एका यादीने सुरू होतो. काय बाहेर गेले, काय आत आले. मुले ती यादी पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. पण मालाबरोबर माणूसही येत असतो. तो कुठे उतरला, त्याला आसरा कोणी दिला, त्याचा तंटा कोणत्या कायद्याने मिटला, हे त्या यादीत नसते. आपल्या कोकण किनाऱ्याचा इतिहास हे प्रश्न मनात ठेवून वाचला, तर तो आपल्याच घरचा वाटू लागतो.

वाऱ्याने लावलेला मुक्काम

वाफेची जहाजे येण्यापूर्वी अरबी समुद्रावरचा प्रवास वाऱ्याच्या हाती होता. पावसाळा सरत आला की नैर्ऋत्येचा वारा अरबस्तानाकडची जहाजे आपल्या किनाऱ्याला आणी. हिवाळ्यात ईशान्येचा वारा त्यांना परत नेई. या ठरलेल्या ऋतूला अरब ‘मौसिम’ म्हणत. आपला ‘मोसमी वारा’ त्याच शब्दातून आला. वारा फिरेपर्यंत व्यापाऱ्याला बंदरात काही महिने काढावेच लागत. माल विकायचा, नवा भरायचा, उधारी वसूल करायची. त्यातले काही जण कायमचेच राहिले. त्यांनी इथे घर केले, संसार मांडला आणि त्यांची मुले इथलीच झाली.

बगदादचा प्रवासी आणि इतिहासकार अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ च्या सुमारास, सैमूर बंदरात आला. सैमूर म्हणजे अलिबागजवळचे चौल. तिथे सुमारे १०,००० मुसलमान राहतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. सिराफ, ओमान, बसरा आणि बगदाद इथून येऊन स्थायिक झालेले लोक त्यांत होते, आणि ‘बयासिरा’ही होते. हिंदुस्थानात जन्मलेल्या मुसलमानांना हे नाव होते. त्यांच्यातल्याच एका मान्यवर माणसाची राजा ‘हुनरमन’ म्हणून नेमणूक करी आणि तो मुसलमानांचे आपसांतले तंटे त्यांच्या शरीअतीप्रमाणे मिटवी.

त्या वेळी राज्य राष्ट्रकूटांचे होते. अलाउद्दीन खिलजीची फौज देवगिरीवर आली ती १२९६ मध्ये. म्हणजे त्याच्या पावणेचारशे वर्षे आधी कोकणात अजान होत होती आणि तिच्या मागे कोणतीही फौज नव्हती. ज्यांना आपण इथले कधीपासून, असा प्रश्न विचारला जातो, त्यांनी हे साल लक्षात ठेवावे.

संजाणचा अधिकारी

परक्याला जागा मिळाली. मग त्याने काय दिले? पालघर जिल्ह्यात डहाणूजवळच्या चिंचणी गावी काही ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळी संजाणच्या प्रदेशावर ‘मधुमती’ नावाचा ताजिक अधिकारी होता, असे त्यात म्हटले आहे. ताजिक म्हणजे अरब, आणि मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत वळण, असे अभ्यासक मानतात. या माणसाने नदी ओलांडण्यासाठी मोफत तरी सुरू केली. प्रवाशांसाठी अन्नछत्र उघडले. तिथे भात, कालवण आणि तूप फुकट मिळे. देवी भगवतीच्या मठासाठी राजाच्या संमतीने दान दिल्याची नोंदही याच ताम्रपटात आहे. तो मठ एका ब्राह्मणाने बांधला होता. बंदराची कमाई अशी नावाड्याच्या आणि वाटसरूच्या उपयोगी पडली.

घोडा आणि गुलाम

पण व्यापाराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दख्खनच्या हवेत चांगले घोडे निपजत नसत आणि फौजेला तर ते हवेच असत. त्यामुळे अरबस्तान आणि इराणचा घोडा हा या किनाऱ्यावरचा सर्वांत मोलाचा माल ठरला. जिथे मोल फार, तिथे लोभही फार. मार्को पोलोने ठाण्याबद्दल लिहिले आहे की, तिथल्या राजाचे समुद्री चाच्यांशी संगनमत होते आणि लुटीतले घोडे राजाला मिळत.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि जुन्नरला गेला. तिथला अधिकारी असदखान याने तो घोडा अडकवून ठेवला आणि इस्लाम स्वीकारलास तरच परत देईन, असे बजावले. निकितीनची सुटका कोणी केली? मुहम्मद नावाच्या एका खुरासानी मुसलमानाने. त्याने असदखानाकडे रदबदली केली आणि परक्याचा घोडा आणि धर्म दोन्ही वाचवले. सत्तेच्या जोरावर धर्म लादू पाहणारा आणि त्याला अडवणारा, दोघेही मुसलमानच होते. मुलांना इतिहास सांगताना दोघांचीही नावे सांगावीत.

घोड्यांप्रमाणे माणसेही विकली जात. मलिक अंबर हबशी मुलखात जन्मला. लहानपणीच विकला गेला, अरबस्तानातल्या बाजारांतून फिरला आणि अखेर दख्खनमध्ये निजामशाहीच्या चंगीझखानाने त्याला विकत घेतले. पुढे तो निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याने खडकी शहर वसवले, तिथे नहरीने पाणी आणले आणि मुघलांना वर्षानुवर्षे झुंजवले. १६२६ मध्ये तो वारला. त्याच्या कर्तबगारीचा अभिमान जरूर बाळगावा. पण त्याच जहाजांतून आलेल्या ज्या मुलांचे नावही कोणी लिहून ठेवले नाही, त्यांची आठवण ठेवणे अधिक कठीण आहे. त्या खरेदी-विक्रीत मुसलमान व्यापारी होते, हे झाकण्यात अर्थ नाही.

परवान्याचा समुद्र

१४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला आणि समुद्राचा कायदा पालटला. तोवर बंदराला जकात द्यावी लागे, पण समुद्र कोणाच्या मालकीचा नव्हता. पोर्तुगीजांनी ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सक्तीचा केला. तो नसेल तर जहाज मालासकट जप्त होई. हजला जाणाऱ्या जहाजांनाही हा परवाना लागे. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज आरमाराने दाभोळवर हल्ला केला, कत्तल केली आणि शहर जाळले. वखारीतला माल जळाला तो व्यापाऱ्याचा. पण हमाल, नाखवा, सुतार आणि विणकर यांची रोजी त्याबरोबर गेली. त्यांचा हिशेब कोणत्याही वहीत नाही.

आता आपण परके

दुकान, दलाल, हमाल, नफा, हिशेब, जकात हे अरबीतून आलेले शब्द आज प्रत्येक मराठी माणसाच्या तोंडी आहेत. त्यांतले बरेचसे फारसी दरबारातून आले असतील, काही धक्क्यावरून. पण आता ते कोणाला परके वाटत नाहीत. माणसालाही परकेपण विसरायला लावणे हीच चांगल्या व्यापाराची कमाई होय.

आज उलटा वारा वाहतो आहे. एके काळी ओमानचा माणूस चौलला राही. आता रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांची चूल ओमान, कुवेत आणि दुबईच्या पगारावर पेटते. तिकडे कफीलाने पासपोर्ट काढून घेतला की आपल्याला अन्याय कळतो, आणि तो कळायलाच हवा. पण आपल्या गल्लीतल्या बेकरीत, जरीच्या कारखान्यात उत्तर प्रदेश-बिहारचा पोरगा राबत असतो. त्याचा पगार वेळेवर होतो का? तो आजारी पडला तर त्याला दवाखान्यात कोण नेते? चौलच्या राजाने परक्याचा तंटा मिटवायला हुनरमन नेमला होता. आपल्या गल्लीत ते काम आपल्यालाच करायचे आहे.