छायाचित्रांच्या पाठीवर नावे लिहा

गोडादऱ्यातील पुष्कळ खानदेशी घरांत माळ्यावर एखादी पत्र्याची पेटी असते. शाळेचे दाखले, लग्नपत्रिका, जुनी रेशनकार्डे आणि अगदी तळाशी पिवळी पडलेली चार-सहा छायाचित्रे, एवढाच तिच्यातला ऐवज. पण त्यांतले एखादे छायाचित्र हाती आले की घरातली वडील मंडळी भोवती जमतात आणि ज्या गोष्टी कधी विचारूनही कळल्या नसत्या त्या आपोआप बोलल्या जातात.

आमच्या घरीही तसेच झाले. कानबाईच्या सणासाठी घर स्वच्छ करताना पाच तरुणांचा एक फोटो सापडला. त्यात माझे वडील व चुलते मी ओळखले. बाकीचे तिघे कोण, ते ठाऊक नव्हते. काकू म्हणाल्या, "अरे, हे सगळे एकाच खोलीवर राहायचे. लूमवरचा पहिला पगार झाला म्हणून फोटो काढला. खुर्चीवर बसलाय ना, त्याच्या अंगावरचा कोट स्टुडिओचा आहे!" तिघांची नावे आठवून सांगते म्हणाल्या. ते राहून गेले, आणि त्याच हिवाळ्यात काकू वारल्या. आता त्या तिघांच्या मुलानातवंडांना शोधावे तरी कसे?

या लहानशा हानीचा अर्थ मोठा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच तापी खोऱ्यातील रेल्वेने सुरत आणि खानदेश जोडले गेले. १ मे १९६० पर्यंत हे दोन्ही प्रदेश एकाच मुंबई राज्यात होते. पुढे राज्ये वेगळी झाली, पण गाडी तीच राहिली, आणि यंत्रमागांच्या कामासाठी नंदुरबार, धुळे, जळगावकडची माणसे त्याच गाडीने येत राहिली. गोडादरा हे तर मूळचे खेडे. २००६ मध्ये ते सुरत महानगरपालिकेत आले. शेतांच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या. हा पालट ज्यांनी पाहिला त्यांची आठवण आणि त्यांच्या पेटीतील फोटो, हाच या वस्तीचा घरगुती इतिहास होय.

नाव नसले की माणसाचे काय होते, याचे एक जुने उदाहरण आहे. विल्यम जॉन्सन यांनी १८६३ व १८६६ साली मुंबईतील लोकांच्या छायाचित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. चित्रांखाली बहुधा जातीचे वा समाजाचे नाव आहे. समोर उभ्या असलेल्या माणसाचे नाही. चेहरा स्पष्ट, पण माणूस हरवलेला! आपल्या वडिलांच्या फोटोखाली नुसते 'कामगार' असे लिहिले जावे, हे कोणाला रुचेल?

फोटोचा काळ ठरविण्यास काही खुणा उपयोगी पडतात. मागे स्टुडिओचा शिक्का असल्यास पत्ता पाहावा. सहा आकडी पिनकोड असेल तर तो शिक्का १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. कारण ती पद्धत त्या दिवशी सुरू झाली. पाटीवर 'पश्चिम खानदेश' दिसले तर फोटो बराच जुना असण्याचा संभव आहे. तोच जिल्हा पुढे धुळे झाला व १९९८ मध्ये त्यातून नंदुरबार वेगळा निघाला. मात्र शिक्का छापील प्रतीचा काळ सांगतो. मूळ फोटो त्याहून आधीचा असू शकतो.

नावे लिहिताना फोटो सपाट जागी पालथा ठेवून, कडेला, मऊ पेन्सिलीने हलकेच लिहावे. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूस उमटतो आणि शाई पसरते. कागद गुळगुळीत असल्यास नावे पाकिटावर लिहावीत. डावीकडून उजवीकडे क्रमाने नाव, गाव, नाते व प्रसंग नोंदवावा. खात्री नसेल तेथे प्रश्नचिन्ह घालावे. फोटो लॅमिनेट करू नये, डिंकाने चिकटवू नये. मोबाईलवर दोन्ही बाजूंची प्रत घ्यावी आणि सांगणाऱ्याचा आवाजही त्याच बैठकीत टिपावा. अहिराणीत सांगत असतील तर अहिराणीतच.

ऑगस्ट २००६ चा तापीचा महापूर सुरतकर विसरणार नाहीत. अशा वेळी माणसे आधी मुले आणि धान्य सावरतात. फोटोंची आठवण पाणी ओसरल्यावर होते. भिजून चिकटलेले फोटो ओढून सोडवू नयेत. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हळूहळू सुटे करावेत व सावलीत, चित्राची बाजू वर ठेवून वाळवावेत. एक प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे असली तर उत्तमच.

बंधुभगिनींनो, महोत्सवाच्या निमित्ताने आपण संस्थेच्या कार्याचा हिशेब मांडतो. तसाच प्रत्येक घराने आपल्या पेटीचाही मांडावा. येत्या रविवारी ती खाली काढा, आजी-आजोबांना शेजारी बसवा आणि पेन्सिल हाती घ्या. "उद्या सांगते" असे त्या म्हणाल्या, तरी त्यांना आजच विचारा.