ठाण्यात चालतो, टोकियोतही चालतो!

दोस्तांनो, घरात लॅपटॉप असेल तर त्याचा चार्जर घेऊन बसा बरं. आधी सॉकेटमधली पिन काढायची हं! आता तो काळा ठोकळा उलटा करा. पाठीवर बारीक अक्षरांत बरंच काही छापलेलं दिसेल. त्यात ‘इनपुट’ शब्द शोधा. बहुतेक चार्जरवर त्याच्यापुढे लिहिलेलं असतं : १००-२४० व्होल्ट, ५०-६० हर्ट्झ.

म्हणजे काय, सांगू? हा चार्जर ठाण्यात चालतो, टोकियोत चालतो, लंडनमध्ये चालतो आणि न्यूयॉर्कमध्येही चालतो!

यात कसलं नवल, असं वाटलं का? अहो, नवल आहे! कारण जगभरच्या भिंतींमधली वीज एकसारखी नसतेच मुळी. व्होल्ट हे विजेच्या दाबाचं माप. आपल्या घरात तो २३० व्होल्ट असतो. अमेरिकेत १२०, तर जपानमध्ये फक्त १००. शिवाय ही वीज सतत दिशा बदलत असते. आपल्याकडे ती सेकंदाला ५० वेळा पुढे जाऊन मागे येते, अमेरिकेत ६० वेळा. हे झाले हर्ट्झ.

जपानची तर आणखी गंमत. १८९५ साली टोकियोसाठी जर्मनीहून ५० हर्ट्झची जनित्रं आणली गेली. पुढच्याच वर्षी ओसाकासाठी अमेरिकेतून आली ती ६० हर्ट्झची. झालं! आजही पूर्व जपानात ५० आणि पश्चिम जपानात ६० हर्ट्झ. २०११ मध्ये मोठा भूकंप झाला आणि पूर्वेकडे विजेची टंचाई पडली. पश्चिमेकडची वीज तिकडे हवी तेवढी पाठवता येईना, कारण ५० आणि ६० ची अदलाबदल करणारी यंत्रणा अपुरी पडली.

आता समजा, फक्त १२० व्होल्टवर चालणारा अमेरिकन हेअर ड्रायर कुणी आपल्या सॉकेटला लावला. दाब जवळजवळ दुप्पट. मग उष्णताही दुप्पट होईल? छे! दाब दुप्पट झाला की त्या तारेतून वाहणारी वीजही दुप्पट होते आणि उष्णता ठरते त्या दोन्हींच्या गुणाकाराने. म्हणजे उष्णता साडेतीन पटींहूनही जास्त! ड्रायर जळालाच म्हणून समजा. उलट, आपला मिक्सर अमेरिकेत नेला तर पातं इतकं सावकाश फिरतं, की चटणी काही वाटली जात नाही. म्हणून तिकडे जाणाऱ्यांसाठी आपल्याकडे खास ११० व्होल्टचे मिक्सर विकत मिळतात.

मग चार्जरला हे कसं जमतं?

तो आत आलेल्या विजेचं पुढे-मागे जाणं आधी थांबवतो आणि तिला एकाच दिशेनं वाहायला लावतो. इथंच ५० की ६० हा प्रश्न मिटला. पुढे असतो एक इलेक्ट्रॉनिक स्विच. तो सेकंदाला हजारो वेळा, कितीतरी चार्जरमध्ये तर लाखभर वेळा चालू-बंद होतो! आणि बाहेर किती व्होल्ट पडताहेत, यावर एक सर्किट सतत नजर ठेवून असतं. नळाखाली बादली भरताना पाण्याला जोर असेल तर तुम्ही नळ क्षणभरच उघडाल आणि जोर कमी असेल तर जरा जास्त वेळ उघडा ठेवाल. चार्जरही तेच करतो. दाब २३० असो की १००, लॅपटॉपला मात्र साधारण १९-२० व्होल्टच मिळतात. शिवाय स्विच इतका भराभर चालत असल्यामुळे दाब कमी करणारा आतला ट्रान्सफॉर्मर इवलासा असला तरी भागतं.

जुन्या डेस्कटॉप कॉम्प्युटरना एवढी हुशारी नव्हती. त्यांच्या एसएमपीएसच्या, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या मागं छोटा लाल खटका असायचा. एका बाजूला ११५, दुसरीकडे २३०. खटका ११५ वर ठेवला, की आतलं सर्किट दाब दुप्पट करून घ्यायचं. अमेरिकेत ते ठीक. पण तसाच आपल्या सॉकेटला लावला तर आतला दाब ६०० व्होल्टच्या पुढे जायचा आणि वीज साठवणारे कपॅसिटर धाडकन फुटायचे! आजही असा खटका दिसला तर त्याला हात लावायचा नाही. मोठ्यांना दाखवायचा.

आता केबलकडे, म्हणजे पॉवर कॉर्डकडे पाहू. तिचं कॉम्प्युटरकडचं टोक जगभर ठरलेल्या आकारांचंच असतं. बदलतं ते भिंतीकडचं. आपल्या प्लगला तीन गोल पिना असतात, त्यातली वरची जाड आणि लांब. ती अर्थची, म्हणजे जमिनीशी जोडलेली. लांब असल्यामुळे ती सगळ्यांत आधी आत जाते आणि सगळ्यांत शेवटी बाहेर येते. म्हणजे वीज जोडलेली असेपर्यंत आपल्या रक्षणाला ती हजर! ब्रिटनच्या प्लगच्या पिना चौकोनी असतात आणि पोटात फ्यूज असतो. अमेरिकन प्लगच्या पिना चपट्या असतात आणि तिथल्या कॉर्डवर बहुधा १२५ व्होल्ट छापलेलं असतं. अशी कॉर्ड आपल्या २३० व्होल्टला वापरू नये. इथली, २५० व्होल्टची कॉर्ड घ्यावी.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा : प्रवासात वापरतात ती छोटी कन्व्हर्टर पिन फक्त प्लगचा आकार बदलते, व्होल्ट नाही! ती लावली म्हणून आपला मिक्सर जपानमध्ये चालणार नाही.

चला, आता तुमचं काम. मोठ्यांना सोबत घ्या, पिना काढा आणि मोबाइलचा चार्जर, टीव्ही, इस्त्री, मिक्सर यांच्यावरची माहिती वाचा. वहीत दोन रकाने करा : ‘जगभर चालेल’ आणि ‘फक्त आपल्याकडे’. चार्जर उघडून मात्र पाहायचा नाही. पिन काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते आणि जोराचा झटका बसू शकतो.

घरातलं कुणी परदेशी निघालं असेल, तर बॅग भरण्याआधी ही वही घेऊन त्यांच्याशेजारी बसा. कशाला नुसती पिन लागेल आणि काय घरीच ठेवायचं, हे त्यांना तुम्ही सांगा!