दत्तक म्हटले की मुलगाच का?

पिंपरीहून लोकलने पुणे स्टेशनला उतरले की ससून रुग्णालय चालत जाण्यासारखे आहे. तिथल्या ‘श्रीवत्स’ संस्थेत १९७९ साली एक तान्ही मुलगी होती. अमेरिकेत राहणारे हरेन आणि स्यू स्थळेकर हे दांपत्य मूल दत्तक घ्यायला भारतात आले होते. त्यांना मुलगा हवा होता. पण ही मुलगी पाहिली आणि ते तिलाच घेऊन गेले. ती लिसा स्थळेकर! पुढे ती ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट संघाची कर्णधार झाली. २०१३ साली मुंबईत विश्वचषक जिंकणाऱ्या संघातही ती होती.

आमच्या कामगार वस्तीत मूल नाही म्हणून झुरणारी जोडपी आहेत. आम्ही दत्तकाचा विषय काढला की उत्तर येते, “दिराचा मुलगा आहे की!” मुलगी कोणी मागत नाही.

जुन्या शास्त्रात दत्तक फक्त पुत्रच घेतला जाई. बाबासाहेब हिंदू कोड बिलासाठी झगडले, १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. नंतर १९५६ च्या कायद्याने मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. तो कायदा बौद्धांनाही लागू आहे.

अनाथालयातील मूल हवे असेल तर आता ‘कारा’ या केंद्रीय प्राधिकरणाकडे संगणकावर नोंदणी करावी लागते. घराची पाहणी होते. २०२२ पासून अंतिम आदेश जिल्हाधिकारी देतात. दत्तक मुलीला पोटच्या मुलाइतकाच हक्क मिळतो.

नोंदणी करताना मुलगा हवा की मुलगी, हे विचारतात. बंधू-भगिनींनो, तिथे ‘मुलगी’ सांगणारी जोडपी आपल्या वस्तीतूनही निघावीत, एवढीच आमची विनंती.