सीताबर्डीवरचा ‘ल’

नागपुरात सीताबर्डीवर फ्लेक्सच्या दुकानात पोरगा ‘लग्नाचा बस्ता’ छापत होता. ‘ल’ उमटला उजवीकडे उभ्या दांडीचा, हिंदी वळणाचा. “चालते न भाऊ, कोन पायते!” मी पाहतो ना! युनिकोडमध्ये दोन्ही ‘ल’चा क्रमांक एकच, ०९३२, वळण ठरवतो फॉन्ट. एकाच फॉन्टमध्ये दोन्ही रूपं ठेवता येतात आणि मजकुराची भाषा मराठी निवडली की आपलं रूप येतं. फॉन्टमध्ये ते नसेल तर? सुधारता येईल असा फॉन्ट घ्यावा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्टसंस्थेचा ‘मुक्ता’ ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे. फुकट मिळतो, पण ते गौण. अशा फॉन्टमधलं अक्षर कुणीही सुधारावं, त्याच परवान्यावर पुढे वाटावं. नुसता फॉन्ट तेवढा विकायचा नाही. पोराच्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं होती. भाषा बदलली, दांडी गेली.